रापणीचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका संशोधक मुलीने अख्खा हंगाम रापण मोजली. होडी अर्धगोल फेरा घेत जाळं सोडून यायची, किनाऱ्यावरची माणसं दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढायची आणि जाळं वाळूला लागलं की ही वही-काटा घेऊन बसायची. तारली किती, बांगडा किती, पेडवे किती. ज्या दिवशी येणं जमलं नाही, त्या दिवशीचा आकडा फोनवर विचारून घ्यायची. रापणकारांनीही कधी कुरकूर केली नाही. कागदाचं वजन ते जाणून होते. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, त्यामागे सोमवंशी समितीचा अहवाल होता. मोर्चे त्याआधीही पुष्कळ निघाले होते.

लेख परदेशी जर्नलात छापून आला. मुलगी खाजं घेऊन दांडीवर आली.

"वाचूक दी मगे," म्हातारे तांडेल म्हणाले.

नातवाने मोबाइलवर लेख शोधून काढला. चार ओळींचा सारांश दिसला आणि त्याखाली पस्तीसेक डॉलरांची मागणी.

"दोरी ओढली आमी, आणि डॉलर पण आमीच देवचे?"

मुलीने समजावलं. तो जर्नलवाल्यांचा नियम. त्यातला एक पैसाही लेखकाला मिळत नाही. संशोधनाचा खर्च तर सरकारी अनुदानातून झालेला.

"म्हणजे पैशे पण आमचेच," तांडेल म्हणाले. "बाय, रापणीत होडयेचो वाटो असता, जाळ्याचो असता, आणि दोरयेक हात लावतलो तेचो पण असता. रस्त्यान जाणारो येवन दोरी धरता, तेका पण कोणी रिकामो धाडणा नाय. जो ओढता, तेका वाटो."

मुलगी गप्प झाली, कारण वाट होती आणि तिला ती माहीत होती. बहुतेक जर्नलं लेखकाला त्याचा स्वीकारलेला मसुदा संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवू देतात, फार तर काही महिने थांबायला लावतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं तर डिसेंबर २०१४ पासून धोरणच आहे: आमच्या पैशांवर झालेल्या कामाचा लेख स्वीकारला गेला, की दोन आठवड्यांत भांडारात जमा करा. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अशी भांडारं कित्येक वर्षं चालवताहेत. तिथले लेख कुणीही फुकट उतरवून घ्यावेत. काम अर्ध्या तासाचं. पण बढतीच्या अर्जात जर्नलचं नाव विचारतात, लेख भांडारात ठेवला का हे सहसा कुणी विचारत नाही. न विचारलेलं काम मागे पडतं, त्यात हुशार माणसंही आलीच.

तिने त्याच रात्री मसुदा चढवला आणि दुवा नातवाला पाठवला.

नातू इंग्रजी वाचून मालवणीत सांगायचा, तांडेल ऐकायचे. पानांमागून पानं त्यांनी निमूट ऐकली. मग एक तक्ता आला, त्यात फेब्रुवारीतल्या लागोपाठच्या दोन दिवसांसमोर शून्य.

"ह्यां काय?"

"त्या दिसांनी मासो गावलो नाय, असा लिवलाहा."

तांडेल उसळले. "गावतलो कसो? आंगणेवाडीची जत्रा होती! सगळो गाव भराडीक गेललो. रापण घातलीच नाय!"

फोनवर तिने विचारलं होतं, "आज किती?" आणि जत्रेच्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं होतं, "काय नाय." तिने शून्य लिहिलं. जाळं टाकूनही मासा न मिळणं आणि जाळंच न टाकणं, दोन्ही एकाच शून्यात गेली होती. असे आणखी काही दिवस निघाले. कधी वारा, कधी मर्तिक. जर्नलच्या तज्ज्ञांनी लेख तपासला होता, पण आंगणेवाडीची जत्रा कधी असते हे त्यांना कुठून माहीत असणार?

तिने ते दिवस वगळून सरासरी पुन्हा काढली, ती थोडी वर गेली. दुरुस्तीचं पत्र जर्नलला पाठवलं. भांडारात जुन्या मसुद्याशेजारी नवी आवृत्ती ठेवली आणि चूक रापणकारांनी दाखवली असं तळटीपेत लिहिलं. मच्छीमार सोसायटीच्या सचिवांनी त्या नव्या आवृत्तीची छापील प्रत काढून मत्स्यव्यवसाय खात्याला द्यायच्या निवेदनाला जोडली.

तांडेलांनी मात्र नातवाला पुढच्या कामाला लावलं होतं: आचऱ्याच्या रापणीवर कुणी लिहिलंय का, बघ.