आधी नकाशा उघड

उभा राहा. हो, तुलाच म्हणतोय, हजेरीपटावरचा सतरा नंबर. चाळिशी आली, न्यू जर्सीत घर झालं, तरी मास्तरांशी बोलताना खुर्चीत रेलायची सवय काही गेली नाही. काल फोनवर तासभर तुझं कौतुक ऐकून घेतलं. आता माझं ऐक, आणि मध्ये तोंड घालू नकोस.

काल काय सांगितलंस? "सर, थंडीने जीव नकोसा झालाय, जानेवारीच्या शेवटी आईबाबांना आणि मुलांना घेऊन उन्हातल्या बेटांवर चाललोय. क्रूझ बुक केली. जहाज म्हणजे काय विचारू नका! घसरगुंड्या, बर्फावरचं स्केटिंग, अठरा मजले." मी विचारलं, कुठली बेटं? "कॅरिबियन, सर." कॅरिबियनमध्ये कुठे? इथे तुझी बोबडी वळली. बायकोला हाक मारलीस, मुलाला लॅपटॉप आणायला लावलास, आणि पाच मिनिटांनी वाचून दाखवलंस: तुमच्या न्यू जर्सीतल्या बेयॉनहून निघणार, मग फ्लॉरिडातलं पोर्ट कॅनव्हेरल, मग कंपनीचं खासगी बेट, मग नसाऊ, आणि परत बेयॉन.

अरे गाढवा, यातलं एकही ठिकाण कॅरिबियन समुद्रात नाही. पोर्ट कॅनव्हेरल हे बेटांचं गाव नव्हे, अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं बंदर आहे. नसाऊ आणि ते खासगी बेट बहामाजमध्ये, आणि बहामाज अटलांटिकमध्ये. आठवीत तुला जगाच्या नकाशात बेटं भरायला दिली होती, तेव्हा क्यूबाच्या जागी जमैका लिहिलं होतंस. तेव्हा एक मार्क गेला होता. आता सहा जणांच्या तिकिटांचे पैसे जातायत.

मांडवाची रोषणाई बघून मुलगी द्यायची आणि नवरा मुलगा कोण हे लग्नानंतर विचारायचं, तसं केलंस तू. जहाज म्हणजे शेवटी काय? चालती धर्मशाळा. ती कुठून निघते, कुठे थांबते, किती वेळ थांबते आणि तिथे त्या महिन्यात हवा कशी असते, हे आधी बघायचं. स्केटिंगचं रिंगण त्यानंतर. आणि बर्फच बघायचा होता तर घराबाहेर यायचं, दारात पडलाय की!

आता नकाशा उघड. कागदाचा. फोनवरचा नको, त्यावर तुला फक्त पिझ्झाचं दुकान सापडतं. आडव्या रेषांवर बोट ठेव. पोर्ट कॅनव्हेरल कुठे आहे? २८ अंश उत्तर. त्याच रेषेवर बोट उजवीकडे सरकवत भारतात आण. दिल्ली! जानेवारीत ऊन खायला कोणी दिल्लीला जातं का रे? समुद्र जवळ असल्याने तिथे दिल्लीइतकं गारठत नाही, हे मला ठाऊक आहे, हात वर करू नकोस. नसाऊ २५ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही वर. जानेवारीत तिथे दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट उतरली की तेही राहत नाही. फिरायला झकास हवा. पण पाण्यात उतरल्यावर तुझी पोरं दहा मिनिटांत दात वाजवत बाहेर येतील.

आता बोट खाली आण, साडेअठरा अंशांवर. पोर्तो रिकोचं सान हुआन. आणि पुणं कितीवर? साडेअठरा. बत्तीस वर्षं मी घसा फोडून वर्गात सांगत आलो की अक्षांश पाठ करा, आयुष्यात उपयोगी पडतील. तुम्ही मागच्या बाकावर हसत होतात. सान हुआनला जानेवारीत दुपारी २८ अंश असतं, आणि तिथून पूर्वेला आणि मग दक्षिणेला बेटांची माळ सुरू होते: सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुसिया, बार्बाडोस. बार्बाडोस १३ अंशांवर, म्हणजे चेन्नईच्या रेषेवर. ऊन हवं होतं ना? ते तिथे आहे.

ही रेष मला कशी पाठ झाली, सांगू? १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन, ब्रिजटाउन, प्रत्येक कसोटीचं गाव मी अ‍ॅटलासमध्ये शोधून पेन्सिलीने गोल केला होता. गावसकरच्या चार कसोट्यांत ७७४ धावा आणि आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईच्या ६४२, हे सगळ्यांना आठवतं. पण तो दौरा फेब्रुवारी ते एप्रिल का होता, हे कोणी विचारत नाही. कारण तिथला तो कोरडा मोसम. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, मग डिसेंबरपासून आभाळ निवळतं. म्हणजे महिना तू बरोबर निवडलास. तेवढे दोन मार्क देतो.

बाकी पेपर कोरा. बेयॉन ते नसाऊ जवळजवळ साडेनऊशे सागरी मैल. जहाज ताशी वीस मैलांनी गेलं तरी दोन दिवस. जाताना दोन, येताना दोन. सात रात्रींच्या सुट्टीतले चार दिवस निव्वळ पाण्यावर, आणि त्यातले निम्मे तरी थंडीत. डेकवरच्या त्या घसरगुंड्यांवर तुझी मुलं कोट घालून घसरणार का? ज्या बाल्कनीसाठी जास्तीचे डॉलर मोजलेस, तिचं दार तुम्ही पहिले दोन दिवस उघडणार नाही.

शिवाय त्या वाटेवर नॉर्थ कॅरोलायनाचं केप हॅटरस आहे. तिथल्या पाण्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात, इतकी जहाजं तिथे बुडाली. आज घाबरायचं कारण नाही, आताची जहाजं भक्कम आहेत. पण समुद्र तोच आहे. दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह वर येतो, हिवाळ्यात उत्तरेचा वारा त्याच्या तोंडावर आदळतो, आणि लाटा उभ्या राहतात. हे मी फळ्यावर निळ्या आणि लाल खडूने काढून दाखवलं होतं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

आणि या पाण्यात तू कोणाला नेतोयस? तुझ्या आईला! त्या माउलीला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाताना बोट लागते. सहलीला आल्या होत्या आमच्याबरोबर, लिंबू हुंगत बसल्या होत्या सगळी वाट. त्यांच्यासाठी तू खोली कुठली घेतलीस? जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, "व्ह्यू छान" म्हणून. बागेतल्या सी-सॉवर मधे उभं राहिलेलं पोर हलत नाही, टोकाला बसलेलं उडतं, हे तुला पाचव्या वर्षी कळत होतं. जहाजाचंही तेच. ज्याला बोट लागते त्याला मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर ठेवायचं. शिवाय तू घेतलेल्या खोलीच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचं डेक आहे. पहाटे तिथे खुर्च्या ओढायला लागले की वडिलांची झोप गेलीच. जहाजाचा मजलेवार नकाशा सगळ्या कंपन्या देतात. तोही नकाशाच, म्हणून तू पाहिला नसशील.

"पण सर, दीड लाख टनांचं जहाज आहे, ते काय हलणार?" असं म्हणालास. हे ऐकून मात्र मी फोन बाजूला ठेवून पाणी प्यालो. बाळा, तो टन वजनाचा नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप, आकारमान. २०२४ मध्ये मायामीहून निघालेलं आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ आहे, टायटॅनिक ४६,३२८ होतं, म्हणजे पाचपटीहून जास्त जागा. जागा! वजन नाही. मोठं जहाज कमी डुलतं हे खरं, पण त्या आकड्यावरून ते कळत नाही. त्या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याला उतारूंच्या संख्येने भाग. आयकॉनवर खोलीत दोघे धरून ५,६१० माणसं, म्हणजे माणशी ४४ च्या आसपास. भागाकार तिशीत आला तर दाटीवाटी, चाळिशीच्या वर गेला तर हातपाय पसरायला जागा. तुझ्या जहाजाचा भागाकार तूच कर, मी करून देणार नाही. तिसरीचं गणित आहे.

मोठ्या जहाजाची दुसरी गोम अशी की ते सगळीकडे लागत नाही. सेंट थॉमसचा आणि सेंट मार्टिनचा धक्का त्याला चालतो, बेक्वियासारखं चिमुकलं बेट ते लांबूनच बघतं. ग्रँड केमनला तर जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून उतरवतात. समुद्र खवळला की तो मुक्काम रद्द. होडीत पाय टाकताना तुझ्या वडिलांच्या गुडघ्यांचं काय होईल, याचा विचार कर. आणि जिथे धक्का असतो तिथे तू एकटा नसतोस. नसाऊच्या बंदरात एका वेळी सहा जहाजं लागू शकतात. गणपतीत लक्ष्मी रोडला जायचं टाळत होतास ना? तसं. कुठल्या दिवशी किती जहाजं येणार हे बंदरांच्या वेळापत्रकात आधी कळतं. मुक्काम सकाळी आठ ते संध्याकाळी पाच आहे की दुपारी एकलाच हाकलतात, तेही वाच.

मग करायचं काय? नूआर्कहून सान हुआनला विमान चार तासांत पोहोचतं, आणि ते अमेरिकेतलंच गाव. तिथून निघणारं मध्यम आकाराचं जहाज घे. रोज सकाळी पडदा सरकवलास की नवं बेट. विमानाचा जादा खर्च सांगू नकोस मला, मुंबईहून पंधरा तास बसून आलेल्या आईबाबांना आणखी चार तास जड नाहीत. फक्त जहाजाच्या आदल्या दिवशी पोहोच. नूआर्कला जानेवारीत हिमवादळ झालं की विमानं अडकतात, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही, ते काही स्वारगेटची एसटी नव्हे.

विमानात बसायचंच नाही असा ज्यांचा हट्ट आहे, किंवा ज्यांना बेटांशी देणंघेणं नाही, नुसतं चार दिवस खाऊनपिऊन लोळायचंय, त्यांना बेयॉन उत्तम आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तू ऊन मागितलं होतंस.

जेवणाचं विचारत होतास. रात्रीच्या जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी मुख्य वेटरला सांगायचं, उद्यापासून आम्हाला भारतीय शाकाहारी हवं. वाढणारा पोरगा गोव्याचा निघाला तर तुझी चंगळच. बोटीवर नोकरीला जाणं तिथल्या कित्येक घरांत पिढीजात आहे. आणि दर डोई रोजची सोळा ते वीस डॉलर बक्षिशी बिलात लागते, मुलांचीही. ती हिशेबात धर आणि कुरकुर करू नकोस.

मुलांची आठवडाभर शाळा बुडवणार, हेही हसत हसत सांगितलंस. एका मास्तरला! त्याबद्दल वेगळं बोलेन.

आता शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. तू म्हणालास, "सर, माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय, पण आय-७९७ आहे, शिवाय क्रूझ अमेरिकेतूनच निघून अमेरिकेतच येते, म्हणजे बाहेर जातोच कुठे?" बाहेरच जातोस, शहाण्या! अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून उतारू घेऊन नुसतं अमेरिकेतच फिरवता येत नाही, वाटेत परका देश लागावा लागतो. ही मोठी जहाजं बहामाज, पनामा असल्या झेंड्यांची, म्हणून तर तुझ्या वाटेत बहामाज आहे. तिथे तू खाली उतरला नाहीस, खोलीत लोळत राहिलास, तरी अमेरिका सोडलीसच. परत येताना पासपोर्टात जिवंत व्हिसा लागतो, आणि आय-७९७ हा मंजुरीचा कागद आहे, व्हिसा नव्हे. संपलेल्या शिक्क्यावर परत घ्यायची जी सवलत आहे, ती तुझ्यासारख्या एच-वन-बीवाल्यांना कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीस दिवसांच्या आतल्या फेरीसाठी. शेजारच्या बेटांची सवलत एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्यासारख्यांना आहे, तुला नाही. माझ्या पुतण्याला याच कारणाने धक्क्यावरून परत पाठवलं. बायको-मुलं वर, हा बॅग घेऊन खाली. आईबाबांचा दहा वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा आहे, ते सुटले. अडकणार तू आणि तुझ्या व्हिसावर आलेली बायको.

आणि सान हुआनला विमानाने गेलास तरी हा प्रश्न मिटत नाही, कारण सेंट किट्स आणि बार्बाडोस परदेशच आहेत. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस तेवढी अमेरिकेची. शिक्का नसेल तर या वर्षी जहाजाचं नावच काढू नकोस. सान हुआनला समुद्रकाठी हॉटेल घे, आठ दिवस राहा, आई तिथे ओकणारही नाहीत.

आज रात्री दोघांचे पासपोर्ट काढ, शिक्क्यावरच्या तारखा कागदावर लिही, बेयॉनची बुकिंग कुठल्या तारखेपर्यंत रद्द करता येते ते त्याखाली लिही, आणि उद्या सकाळी तुझ्या सातला मला फोन कर. नकाशा समोर उघडा ठेवूनच.