निष्कारण सुटी

सुटी हा विषय गंभीर विवेचनास योग्य आहे असे आपल्याकडे फारसे कोणास वाटत नाही. कर्तव्य, त्याग, उद्योग ह्यांवर आपण पुष्कळ लिहिले. विश्रांती मात्र आजार्‍याच्या पथ्यात किंवा शाळकरी मुलाच्या निबंधात तेवढी उरली. परंतु आता हा विषय आपण होऊन आपल्या दाराशी आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या, आणि आठवड्याची ४८ तासांची मर्यादा न ओलांडता रोज बारा तासांप्रमाणे चार दिवस काम व तीन दिवस सुटी अशी व्यवस्था करता येईल, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून सांगण्यात आले. तेव्हापासून चार दिवसांचा आठवडा इष्ट की अनिष्ट, ह्याची चर्चा आमच्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यातही ऐकू येऊ लागली आहे. वरवर पाहता हा केवळ त्रैराशिकाचा प्रश्न दिसतो. माझ्या समजुतीप्रमाणे मात्र त्याच्या बुडाशी एक नैतिक प्रश्न आहे. आणि तो मला प्रथम कोणत्याही ग्रंथात न भेटता आमच्या घरच्या ओट्यावर भेटला.

शहादा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी आमची शेती होती आणि घरी एक सालदार असे. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि त्याच सणाला नवे सुरू होते. धान्य किती, रोकड किती, कपडे व जोडा कधी, हे सारे त्या दिवशी ठरत असे. दिवसाचे तास मात्र कधी ठरत नसत. कारण विकलेली वस्तू दिवस नसून सबंध वर्ष असे. १९८० च्या सुमाराची, मी नऊ-दहा वर्षांचा असतानाची, एक आखाजी मला आठवते. सर्व बोलणे संपल्यावरही सालदार उठला नाही. तो वडिलांस म्हणाला, “आबा, आठवड्यातला एक दिवस मला मोकळा द्या.” वडील कठोर नव्हते. बाजारासाठी, पाहुण्यासाठी, देवासाठी ते त्यास नेहमी सोडीत. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारले, “का, काय काम आहे?” तो म्हणाला, “काम काही नाही. घरी बसेन.” ओट्यावरची सारी मंडळी हसली. मीही हसलो. तो दिवस त्यास मिळाला नाही, आणि पुढल्या आखाजीला त्याने तो मागितलाही नाही.

त्या हसण्याचा अर्थ कळावयास मला बरीच वर्षे लागली. ह्याच शहादा तालुक्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेने सालदार व शेतमजूर ह्यांच्या हक्कांसाठी मोठा लढा दिला होता. तेव्हा मजुराच्या मागण्या आमच्या वडिलांस अपरिचित होत्या असे नाही. मजुरी वाढवून मागितली असती तर कोणी हसले नसते. घासाघीस झाली असती. हसू आले ते ‘घरी बसेन’ ह्या दोन शब्दांचे. वडील सुटी देत, पण प्रत्येक सुटीस कारण लागे. आणि कारण पुरेसे आहे की नाही, ह्याचा निर्णय वडिलांकडे असे. ज्या वेळेचा दुसर्‍यास हिशेब द्यावा लागतो तो वेळ आपला म्हणता येईल काय? मी असे म्हणेन की, सुटी म्हणजे कामाचा अभाव नव्हे, तर कारण सांगण्याच्या बंधनातून मुक्तता होय. चार दिवसांच्या आठवड्याचे गुणदोष ह्या कसोटीवर घासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साप्ताहिक सुटीचा आपल्याकडील इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. महिन्यातून एखाददुसरा दिवस गिरणी बंद राही, तोही यंत्रांच्या साफसफाईसाठी. म्हणजे विश्रांती होती ती यंत्रास. सत्यशोधक विचारांचे आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली व साप्ताहिक सुटीची मागणी पुढे मांडली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही ह्या मागणीच्या समर्थनार्थ सांगितले गेल्याची आठवण आजवर सांगितली जाते. ह्यात आश्चर्य नाही. स्वतःसाठी दिवस मागणारा मनुष्य आळशी ठरतो. देवासाठी मागणारा ठरत नाही. लोखंड्यांचे मोठेपण असे की, एकदा तो वार मिळाल्यावर कोण देवळात गेला आणि कोण घरी बसला, हे विचारण्याचा अधिकार मालकाकडे उरला नाही.

पुढे कायद्याने दिवसही आखूड होत गेला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या दिवसास बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा तासांवर, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांपुरती दहा तासांवर आली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला. त्याआधीच्या चार वर्षांत मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. म्हणजे रविवार मिळवण्यास जेवढे झगडावे लागले, तेवढेच संध्याकाळ मिळवण्यास लागले. ही दुसरी लढाई आपण विसरलो आहो. आणि म्हणूनच ‘चार दिवसांचा आठवडा’ ह्या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जात आहेत, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पहिली वस्तू अशी की, तासच कमी करावयाचे आणि वेतन तेवढेच ठेवावयाचे. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ ह्या काळात सुमारे अडीच हजार कर्मचार्‍यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणण्यात आला. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ संस्थांत सुमारे २,९०० लोकांवर सहा महिने चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग झाला. दोन्हीकडे पगार कापला गेला नाही, माणसांचा थकवा व मनाचा ताण कमी झाला, आणि काम बहुतांशी पूर्वीइतकेच झाले. मुलांस आईबाप दिसू लागले, आजार्‍याजवळ बसावयास माणूस मिळू लागला. हे लाभ लहान नव्हेत, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

तथापि ह्या प्रयोगांच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद सर्वांत पुढे केला जातो, तो मला अपुरा वाटतो. विश्रांती द्या, कारण विश्रांत मनुष्य अधिक चांगले काम करतो, असे तो सांगतो. येथे पुन्हा ‘काय काम आहे?’ ह्या प्रश्नास उत्तर देणे आलेच. फक्त खंडोबाच्या जागी उत्पादन आले. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्यात कृतज्ञता आहे, तसा हिशेबही आहे. विसावलेला बैल पुढे नीट चालतो. मौज अशी की, त्याच दिवशी बैलास धुण्याचे, रंगवण्याचे आणि मिरवण्याचे काम सालदारास असे. मनुष्याची सुटी केवळ उत्पादनाच्या पायावर उभी केली, तर ज्या वर्षी उत्पादन घटेल त्या वर्षी ती काढून घेण्याचा अधिकारही आपण मान्य केल्यासारखे होईल.

दुसरी वस्तू म्हणजे तास तेवढेच ठेवून दिवस दाबून बसवणे. बेल्जियमने २०२२ मध्ये अशा मांडणीस कायद्याने वाट करून दिली, आणि आपल्याकडे चर्चा चालली आहे तीही ह्याच वस्तूची. हिचा अनुभव महाराष्ट्रास थोडाबहुत आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेर्‍यांस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे वर्षाचे कामाचे दिवस २८८ चे २६४ झाले, आणि जेवणाची सुटी वजा जाता दिवसाचे काम सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेले. गुणाकार केला म्हणजे दिसते की, वर्षाचे तास २,०८८ वरून २,११२ झाले. दिवस चोवीसांनी घटले आणि तासही चोवीसांनीच वाढले! पाऊण तासाचा हा भार कचेरीतल्या मनुष्यास पेलतो, हे खरे. पण बारा तासांचा दिवस ही निराळी गोष्ट आहे. बारा हा १९११ चा आकडा आहे. त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवला म्हणजे झोपेपुरती रात्र उरते. काम करणारी स्त्री असेल तर स्वयंपाक, पाणी आणि मुले त्या झोपेतूनच वजा होतात, आणि मिळालेल्या तीन दिवसांत साचलेले घरकाम उपसावे लागते. शरीर चार दिवसांत कर्ज काढते आणि तीन दिवस ते फेडीत बसते. ह्यास सुटी म्हणणे म्हणजे भाषेवर अन्याय करणे होय. ज्यास दूरच्या गावी घर आहे, त्यास ही मांडणी सोयीची वाटेल, आणि त्याने ती आपखुशीने घ्यावी. परंतु ज्यास ‘नाही’ म्हटल्यावर नोकरी राहील अशी खात्री नाही, त्याच्या संमतीस संमती म्हणता येत नाही.

ह्याखेरीज आणखी एक दोष आहे, तो आमच्या जिल्ह्यातून अधिक स्पष्ट दिसतो. अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून दाखल्यासाठी निघालेला मनुष्य पायवाट, जीप आणि एसटी करीत सातपुडा उतरून खाली येतो. कचेरीची दारे बंद दिसली म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. एकाची सुटी दुसर्‍याचा हेलपाटा होत असेल, तर ती पाळीपाळीने द्यावी आणि दार उघडे ठेवावे. रुग्णालये हे नेहमीच करतात; इतरांस ते अशक्य नाही.

आणि ज्यांच्या आठवड्यास पहिलीच सुटी नाही, त्यांचे काय? ह्याच जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि मोजणी टनांवर होते, तासांवर नव्हे. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथारींवर देठ खुडणार्‍या स्त्रियांस कामाचा खाडा म्हणजे चुलीचा खाडा. होळीला ही माणसे सातपुड्याकडे परततात, ढोल वाजतो, रात्रभर नाच होतो. पण तीही सकारण सुटीच आहे, आणि तिचे कारण पुन्हा देवच आहे. ह्यांच्यापुढे चार दिवसांच्या आठवड्याची गोष्ट काढणे म्हणजे उपाशी मनुष्यास पक्वान्नाच्या पाककृती वाचून दाखवणे होय. म्हणून क्रम असा असावा: प्रथम प्रत्येकाची संध्याकाळ आठ तासांच्या कामानंतर सुरक्षित राहावी, मग ज्यास एकही मोकळा दिवस नाही त्यास तो मजुरीसह मिळावा, आणि नंतर, यंत्रांनी वाचवलेल्या श्रमातून, उरलेल्यांचा आठवडा आखूड व्हावा.

लोक रिकामा वेळ वाया घालवतील, दारूत किंवा मोबाईलच्या पडद्यासमोर घालवतील, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. काही घालवतीलही. पण हा आक्षेप नेहमी दुसर्‍याच्या वेळेबद्दल असतो. मला दिवाळीची सुटी आहे, उन्हाळ्याची आहे. इतक्या वर्षांत मी तिचे काय केले, हे मला कोणी विचारले नाही. पुष्कळशी मी नुसती बसून घालवली, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही.

असा सारा विचार केलेल्या मनुष्याकडून काय घडावे, ते सांगून हा लेख संपवतो. आमच्या घरी भांडी घासावयास येणार्‍या बाईंनी मागील वर्षी एक रविवार मागितला. माझ्या तोंडून तत्क्षणी निघून गेले, “का, काय काम आहे?” शब्द वडिलांचे, स्वरही त्यांचाच. बाईंनी बहिणीचे आजारपण सांगितले. ते खरे असेल. नसेल तर ते खोटे मीच त्यांच्याकडून वदवून घेतले. तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येक रविवारी भांडी आम्ही घासतो, आणि त्यांच्या पगारातून काही कापले जात नाही. रविवारी त्या काय करतात, ते मला ठाऊक नाही.