पाहिल्यावाचून निवड कशाची?

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की आपल्या सभासद कुटुंबांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : मुलगी पुढे काय करणार? प्रश्न मुलीविषयी असतो, उत्तर बहुधा दुसरेच कोणी देते. क्वचित एखाद्या घरी तो तिलाच विचारला, तर 'बँकेत' किंवा 'शिक्षिका' असा एखादा शब्द उच्चारून ती मोकळी होते. त्या शब्दामागचा दिवस कसा असतो, हे तिने पाहिलेले नसते. आम्ही मात्र तिला निवडीचे स्वातंत्र्य दिले असे समाधान मानून घेतो. जे पाहिलेच नाही त्यातून केलेल्या निवडीस निवड म्हणावे काय?

आपल्या आचार्यांनी ज्ञानाचे परोक्ष आणि अपरोक्ष असे दोन भेद केले. ऐकून झालेले ते परोक्ष, साक्षात झालेले ते अपरोक्ष. त्यांचा विषय फार वरचा होता हे खरे. पण हा भेद औषधांच्या दुकानासही लागू पडतो. औषधनिर्माणशास्त्र शिकू इच्छिणारी मुलगी शाळा सुटल्यावर चार दिवस एखाद्या फार्मासिस्ट बाईंच्या शेजारी नुसती उभी राहिली, तरी तिला कळेल की हे काम तासन् तास पायांवर उभे राहण्याचे आहे. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही तर तर्क न करता विचारावे लागते. मुदत संपलेला माल वेगळा काढावा लागतो. आणि चिठ्ठीवाचून झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांस 'नाही' म्हणावे लागते. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड, आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

मुलग्यांना हे दर्शन न मागता घडते. मुलगा वडिलांच्या दुकानात गल्ल्यापाशी बसतो, सुटीत काकांच्या कारखान्यात हिंडतो. मुलीने मात्र त्या वेळी घरी असावे. हे आम्ही लोकांविषयी लिहीत नाही. आमच्याच भाचीने एका वास्तुशिल्पी बाईंबरोबर आठवडाभर बांधकामावर जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा "ऊन फार आहे," असे आम्ही म्हणालो. त्याच उन्हात तिचा धाकटा भाऊ क्रिकेट खेळत होता. तिने वाद घातला नाही. वाणिज्य शाखेस गेली, उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि आजही कोठे इमारत उभी राहताना दिसली की रस्त्यात थांबते. तिचे नुकसान झाले की नाही, हे आम्हांस सांगता येणार नाही. ठरविण्याची संधी तिला मिळाली नाही, एवढे निश्चित.

बडोदेकरांस तरी हा विचार परका वाटू नये. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यात मुलीही होत्या. हाताने करून शिकण्याचे महत्त्व येथील कलाभवनाने १८९० पासून दाखविले. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले; त्या संस्थेने मुलींना परिचारिकेच्या कामाकडे वळविले, तेव्हा ते काम कुलीन घरांना शोभणारे मानले जात नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम पाहावे, अशी सूचना आहे.

पालकांची धास्ती खोटी नाही. म्हणूनच २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापासून शिकाऊ मुलींनाही संरक्षण दिले, आणि दहा वा अधिक माणसे कामास असतील तेथे तक्रार समिती सक्तीची केली. समिती आहे काय, हे वडिलांनी जाऊन विचारावे. पहिल्या दिवशी सोबत जावे. दुसऱ्या दिवशी जाऊ नये.

"पाहून आली आणि नको म्हणाली तर?" असे एका मातोश्रींनी आम्हांस विचारले. आमच्या मते चार संध्याकाळींत आलेला नकार हे फळच आहे. तोच नकार चार वर्षांची फी भरल्यावर मनातल्या मनात राहतो. आम्हांस भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती पाहून येईल, आणि आपल्याला न रुचणाऱ्या कामास 'हो' म्हणेल. मग परीक्षा तिची राहणार नाही.

आपल्या सभासदांत प्रयोगशाळा चालविणारे आहेत, हिशेबतपासनीस आहेत, छापखानावाले आहेत. शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांसाठी आपल्या टेबलाशेजारी एक खुर्ची मांडण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे. पहिले नाव आमच्या भाचीने दिले आहे.