गुण आणि गुणपत्रिका

परीक्षेंत मिळतो तोही गुण आणि स्वभावांत असतो तोही गुण. आपल्या भाषेनें दोहोंस एकच शब्द दिला आहे. त्यामुळें ज्यास पहिला मिळाला त्याच्या अंगीं दुसराही असलाच पाहिजे, आणि जो नापास झाला तो आळशी ठरलाच, असें आम्ही नकळत मानीत आलों आहों. हें मानणें न्यायाचें आहे काय?

त्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. आर्थर पोरोपॅट यांनीं २००९ सालीं अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हां चिकाटी व नेटकेपणा यांचा परीक्षेंतील यशाशीं बुद्धीहून स्वतंत्र असा संबंध दिसून आला.

परंतु अंगची चिकाटी आणि हातांतली गुणपत्रिका यांच्या मध्यें परिस्थिति उभी असते. धोंडो केशव कर्वे लहानपणीं सरकारी परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यास शंभरावर मैल डोंगरवाटेनें पायीं गेले. वय लहान दिसतें एवढ्यावरून त्यांस परत पाठविण्यांत आलें. त्या खेपेस पदरीं गुण कांहींच पडला नाहीं. चिकाटी मात्र तीच होती, जिनें पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें केलें.

भिवंडीच्या गल्ल्यांतून जातांना ही गोष्ट आम्हांस हटकून आठवते. यंत्रमागांची खडखड तेथें रात्रीही थांबत नाहीं. रात्रपाळी करून आलेला बाप एकुलत्या एका खोलींत दिवसा निजला, म्हणजे मुलानें पुस्तक घेऊन बसावें कोठें? निराळी खोली असलेला आमचा मुलगा दोन तास वाचतो, त्यास आम्ही नियमित म्हणतों. माग ऐकत अर्धा तास वाचणाऱ्यास काय म्हणावें?

समोरचा खाऊ न खातां थांबणारीं मुलें पुढें शाळेंत यशस्वी होतात, असें वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांवरून लोक समजत. २०१८ सालीं नऊशेंवर मुलांची माहिती पुन्हां तपासली. घरची स्थिति व बालपणींची बुद्धि हिशेबांत घेतांच तो संबंध बराचसा ओसरला.

म्हणून निकालाच्या दिवशीं कोणाच्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं त्यानें अभ्यास कोठें बसून केला, हें आपण विचारावें. आणि आपल्या मुलास गुण अधिक मिळाले, तर त्यांतले त्याचे किती व आपल्या घराचे किती, हा हिशेबही प्रामाणिकपणें मांडावा. तो मांडणें हाही एक गुणच आहे.