आप्तवाक्य

दिवाळी घरात शिरते ती आधी नाकावाटे. दिवे मागाहून लागतात. चकलीची भाजणी भाजायला घेतली की तिचा खमंग वास स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत येतो. उटण्याची पुडी फोडली की न्हाणीघर दरवळते. आमच्या वऱ्हाडात वरुड-मोर्शीकडची संत्री याच सुमारास बाजारात दिसू लागतात, आणि पोराने कोपऱ्यात बसून एखादे सोलले तरी ते साऱ्या घराला कळते. या सुखाला पैसा पडत नाही, म्हणून त्याची मोजदादही आपण ठेवीत नाही. 2020 आणि 2021 या दोन सालांत मात्र पुष्कळांना ती ठेवावी लागली.

दुसऱ्या लाटेचा अनुभव वऱ्हाडाला काहीसा आगाऊ आला. 2021 च्या फेब्रुवारीत करोना आटोपला अशा समजुतीने लोक जरा सैलावले होते, तोच अमरावतीत रोग्यांचा आकडा पुन्हा चढू लागला. 22 फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली. अकोल्यातही निर्बंध आले. मग ती लाट साऱ्या देशावरून गेली. त्या दिवसांतली खाटांची आणि प्राणवायूची धावाधाव सणाच्या दिवशी पुन्हा आठवावी असे मला वाटत नाही. मला बोलायचे आहे ते त्या रोगाच्या एका अबोल अंगाविषयी. छातीतला रोग क्ष-किरणांनी दिसला, ताप पाऱ्याने दाखवला. पण मेंदू आणि मज्जातंतू यांची जी लक्षणे होती त्यांना बहुतेक वेळा एकच साक्षीदार होता, तो म्हणजे खुद्द रोगी. त्या साक्षीदारावर आपण कितपत विश्वास ठेवला?

वास आणि चव जाणे हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने करोनाच्या लक्षणांच्या यादीत घातले ते 13 जून 2020 रोजी. नाक चोंदलेले नाही, अंगात कणकण नाही, आणि तरी हिंगाची डबी नाकाशी धरली तर काहीच कळत नाही, असे सांगणारी माणसे त्याच्या आधीपासून होती. अकोल्याकडच्या एखाद्या घरात सून म्हणाली असेल, "आत्याबाई, मले फोडनीचा वासच येऊन नाही राह्यला." आणि करपलेल्या वरणाकडे पाहत सासूने उत्तर दिले असेल, "काहून येत नाही व? सारं मनाचं हाय तुह्या." ही सासू दुष्ट होती असे नव्हे. तिला स्वतःला तो करपल्याचा वास चांगला येत होता. जे आपल्याला लख्ख कळते ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, हे मानणे फार अवघड असते.

सुनेच्या नाकात घडले होते ते असे. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात आणि त्यांच्याभोवती त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. ज्या प्रथिनाला धरून हा विषाणू पेशीत शिरतो ते प्रथिन मुख्यतः या आधारपेशींवर आढळते. म्हणून तडाखा बसतो तो आधारपेशींना, आणि आधार गेल्यामुळे मज्जापेशी मुक्या होतात. या पेशी पुन्हा वाढतात, त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. काहींना महिनोन्‌महिने लागले, आणि काहींना परत आला तो विपरीत होऊन: कांद्याच्या फोडणीला, कॉफीला कुजल्याचा दर्प येऊ लागला. यातला धोका साधा नव्हता. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्या घरात रांधणारीचे नाक मुके झाले आणि तिचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, त्या घराने आपला पहारेकरीच गमावला होता.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जे स्वतः पाहिले ते प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी ओळखला ते अनुमान, माहीत असलेल्या वस्तूच्या साम्यावरून नवी वस्तू ओळखली ते उपमान. चौथे साधन शब्द, म्हणजे आप्ताचे वाक्य. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. आता दुसऱ्याच्या वेदनेपुरते पाहा. तिचे प्रत्यक्ष आपल्याला कधीच होत नाही. ताप असला, सूज असली तर अनुमान चालते. वास गेला, डोके धुक्याने भरल्यासारखे झाले, शब्द जिभेवर येऊन अडतो, अशा तक्रारींत धूरही दिसत नाही. तिथे उरते ते एक आप्तवाक्य. मराठीने या आप्त शब्दाचा मोठा मार्मिक उपयोग केला आहे. विश्वासू साक्षीदाराचे ते नाव तिने घरच्या माणसाला, सग्यासोयऱ्याला दिले. दिवाळीला आपण आप्तेष्टांना बोलावतो, त्यांना फराळ देतो. पण त्यांचे वाक्य प्रमाण मानतो का?

रोग बरा झाल्यावर तर हा प्रश्न अधिकच टोचू लागला. तपासणीचा निकाल नकारार्थी आला, शेजाऱ्यांनी अभिनंदन केले, आणि माणूस कामावर गेला तो पूर्वीचा राहिला नव्हता. दुकानदार बेरजेत अडखळू लागला, मास्तर वर्गात वाक्याच्या मध्येच थांबू लागले. घरच्यांनी त्याला कधी आळस म्हटले, कधी वय. जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली ती 6 ऑक्टोबर 2021 रोजी, आणि थकवा व धाप यांच्याबरोबर बुद्धीचे मांद्य तिच्या प्रमुख लक्षणांत मोजले. पण या दुखण्याला 'लाँग कोविड' हे नाव मे 2020 मध्येच मिळाले होते, आणि ते दिले होते इटलीतील एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः रुग्ण होत्या. 2022 मध्ये ब्रिटनमधील 785 माणसांच्या मेंदूंची चित्रे तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 401 जणांना दोन चित्रांच्या दरम्यान करोना होऊन गेला होता. त्यांच्या मेंदूत, विशेषतः वासाशी संबंध असलेल्या भागांत, सरासरीने थोडी अधिक झीज दिसली. सरासरीवरून एकेका माणसाचे निदान होत नाही हे खरे. तरीही यंत्राने 2022 मध्ये ज्याकडे बोट दाखवले, त्याविषयी माणसे दोन वर्षे सांगत होती.

यावर कोणी विचारील, सगळ्यांचेच सगळे मानायचे का? कामचुकार माणसाला हे आयते निमित्त होईल. होईल, थोड्यांना. पण एका लबाडाला पकडण्यासाठी नऊ प्रामाणिकांना लबाड ठरवायचे हा न्याय घरात चालवू नये; कचेरीतही चालवू नये. शिवाय 'मनाचे आहे' म्हटल्याने दुखणे खोटे ठरत नाही. त्या दोन वर्षांतली भीती आणि एकाकीपणा मनाचेच होते, आणि त्यांनी माणसे खरोखर आजारी पडली.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे. जिथे मेंदूच आजारी, तिथे साक्षीदारच बिघडलेला. त्याचे वाक्य प्रमाण कसे मानावे? करोनाने अत्यवस्थ झालेले पुष्कळ रोगी भ्रमात गेले. मुखपट्ट्यांआड दडलेली माणसे आपल्याला मारायला आली आहेत असे कोणाला वाटले, कोणाला खाटेशी मेलेले वडील दिसले. हे वाक्य खरे मानायचे? मला वाटते, त्या वाक्याचे दोन भाग करावेत. खाटेशी कोणी उभे आहे हा भाग जगाविषयीचा आहे, आणि तो चुकीचा आहे. मी भ्यालो आहे, हा भाग त्याच्या स्वतःविषयीचा आहे आणि तो पूर्ण खरा आहे. पहिल्याला होकार देऊ नये. दुसऱ्याला नाकारू नये. हात धरून 'मी इथे आहे' एवढे म्हणता येते. उलट काही वृद्धांत ताप-खोकल्याच्या आधी हा भ्रम हेच पहिले लक्षण होते. 'म्हातारपणी असे बरळतातच' म्हणून ज्यांनी ते सोडून दिले, त्यांच्या हातून उपचाराचे मोलाचे दिवस गेले. म्हणजे चुकीचे वाक्यसुद्धा ऐकण्याजोगे होते.

अमरावतीला हा धडा नवा असू नये. महारोग हाही मज्जातंतूंचाच रोग. त्याचे जंतू तंतूंना वेढून असलेल्या पेशींत घर करतात, आणि मग बोट भाजले तरी कळत नाही. हान्सेन यांनी 1873 मध्ये हा जंतू दाखवला. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या समाजाने त्या बधिरपणाला पापाचे फळ म्हटले आणि रोग्याला गावाबाहेर काढले. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ त्यांच्यासाठी तपोवन उभे केले, तिथे त्यांना औषधाबरोबर काम दिले आणि माणूस म्हणून वागवले. ज्याला जाणवत नाही त्याची हेटाळणी करायची की त्याच्या वतीने आपण जाणून घ्यायचे, या प्रश्नाचे एक उत्तर या गावाने आपल्या वेशीपाशी पाहिलेले आहे.

घरात मात्र कोणी तपोवन उभारायला नको. तिथे चौकशी पुरते, आणि चौकशीनंतर उत्तर येईपर्यंत थांबणे पुरते. साथ ओसरली, पण तिचा थकवा आणि विसर काहींच्या अंगात अजून मुरलेला आहे, आणि करोनाखेरीजही न दिसणारी दुखणी थोडी नाहीत: अर्धशिशी आहे, निद्रानाश आहे, म्हातारपणातला गोंधळ आहे. भाऊबीजेला बहीण ओवाळते तेव्हा भाऊ काय घातले ते ताटात पाहतो. यंदा त्याने तिला एवढे जरूर विचारावे की, बाई, तुझी प्रकृती कशी आहे? आणि ती 'बरी आहे' म्हणाली तर पुन्हा एकदा विचारावे; पहिल्या खेपेस बायका खरे सांगत नाहीत, कारण पूर्वी सांगून पाहिलेले असते.