देवांचा लाडका आणि मूर्ख

‘देवानांप्रिय’ म्हणजे देवांचा लाडका. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या शिलालेखांत हे बिरुद मिरविले. ज्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यास सापडला, त्याच्या शाहबाझगढी येथील पाठात तर पूर्वीच्या राजांनाही तेच लावलेले आहे. अर्धमागधी जैन आगमांत ‘देवाणुप्पिय’ हे आदराचे संबोधन आहे, आणि पतंजलीनेही महाभाष्यात एके ठिकाणी हा शब्द ‘दीर्घायु’, ‘आयुष्मान’ यांच्या पंक्तीस बसविला आहे. असे असता उत्तरकालीन संस्कृतात त्याचा रूढ अर्थ ‘मूर्ख’ असा झाला.

बौद्ध सम्राटाविषयीच्या वैदिकांच्या द्वेषातून हे घडले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु हे उत्तर अपुरे आहे. समासात पहिल्या पदाची विभक्ती सहसा लोपते, म्हणून ‘देवप्रिय’ असे रूप व्हावयास हवे. निंदा अभिप्रेत असेल तर षष्ठीचा प्रत्यय टिकतो, असा पाणिनीचा नियम आहे. कात्यायनाने या नियमाच्या पुरवणीत ‘देवानांप्रिय’ नोंदविला खरा, पण त्याच पुरवणीत ‘वाचोयुक्ति’सारखा निंदेचा गंधही नसलेला शब्द आहे, आणि ‘मूर्ख’ हा अर्थ या पुरवणीच्या पाठात स्पष्टपणे जोडलेला दिसतो तो सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत. शिवाय शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात हा शब्द ज्याला उद्देशून वापरतात तो प्रतिपक्षी बौद्ध नसून उपनिषदांचाच आधार घेणारा आहे.

या अर्थबदलामागचा खोल विचार कौमुदीवरील तत्त्वबोधिनी टीकेत सापडतो: ब्रह्मज्ञान नसलेले लोक यज्ञयाग करून देवांना तृप्त करतात, म्हणून तेच देवांना प्रिय. याचे मूळ बृहदारण्यक उपनिषदात आहे, जेथे देवता वेगळी आणि आपण वेगळे असे मानून उपासना करणारा देवांचे जनावर ठरतो, आणि एक जनावर दावणीतून सुटले तरी धन्याला जसे रुचत नाही, तसे माणसाला आत्मज्ञान होणे देवांना रुचत नाही, असे म्हटले आहे. ही शिवी बुद्धीच्या उणिवेपेक्षा कर्मकांडातच तृप्त राहणाऱ्या अज्ञानावर बोट ठेवते. आणि ज्या परंपरेने यज्ञ जपला तिनेच हा अर्थ लिहून ठेवावा, हे तिच्या वैचारिक धैर्याचे लक्षण मानले पाहिजे. मात्र भक्तिमार्गाने याच नात्याकडे प्रेमाच्या दृष्टीने पाहिले, आणि त्या दृष्टीपुढे देवाचे लाडके असण्यात कमीपणा कोणता, हा प्रश्न तत्त्वबोधिनीला सोडविता येत नाही.