चाळिशीनंतरचे धावणे : व्यायाम, हट्ट की तप?

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर असते. पूर्ण आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन, हे सारे साधारण 17 तासांत पुरे करावे लागते. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या 200 किलोमीटरपासून 1000 किलोमीटरपर्यंत जातात. या प्रकारांत चाळिशी-पन्नाशीतली हौशी माणसे मोठ्या संख्येने उतरतात. त्यांना पोटासाठी धावायचे नसते आणि पहिल्या क्रमांकाची आशाही नसते. प्रवेशशुल्क भरून, महिनोन्महिने पहाटे उठून ती आपण होऊन कष्ट पत्करतात. विचारले तर कारण आरोग्याचे सांगितले जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायामाची आहे. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालले तरी ती पुरी होते. त्यापुढचा इतका घाम केवळ आरोग्याच्या हिशेबात बसत नाही. स्वेच्छेने पत्करलेल्या देहकष्टाला भारतीय परंपरेत जुने नाव आहे : तप. चाळिशीनंतरचे हे कष्ट त्या नावाला पात्र ठरतात का, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

‘तप्’ म्हणजे तापणे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात तपाचा अर्थ द्वंद्वे सोसणे असा दिला आहे : भूक आणि तहान, थंडी आणि ऊन, उभे राहणे आणि बसणे. हा अर्थ लांब पल्ल्याच्या खेळाला चांगलाच लागू पडतो. तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरातला साखरेचा साठा आटतो, पाय जड होतात, डोक्यावर ऊन येते, आणि तरीही पुढचे पाऊल टाकायचे असते. पण योगसूत्रकार पतंजली तपाला एकटे सोडत नाहीत. त्यांच्या क्रियायोगात तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान अशी तिन्ही अंगे एकत्र येतात. सोसण्याबरोबर स्वतःला वाचणे हवे आणि केलेले सोपवून देणेही हवे. तप करावे ते चित्ताच्या प्रसन्नतेला बाध येणार नाही इतपतच, अशी मर्यादाही भाष्यकार घालतात. म्हणजे सोसण्याची क्षमता ही सुरुवात झाली. तेवढ्यावर तप पुरे होत नाही.

वयाचा संबंध इथेच येतो. आश्रमव्यवस्थेत खडतर देहतप तरुणाला सांगितलेले नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वानप्रस्थाकडे वळावे. त्या वानप्रस्थीला सांगितलेले तप शरीराचे आहे : उन्हाळ्यात पंचाग्नी, पावसाळ्यात उघड्यावर राहणे, हिवाळ्यात ओली वस्त्रे. शरीर उतरणीला लागते त्याच वळणावर शरीराचे तप नेमलेले असावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तारुण्यात शरीर न मागता साथ देते, म्हणून ते आपलेच आहे असे वाटते. उतरणीवर ते प्रथमच वेगळे जाणवते. ज्याच्यावरची मालकी सुटू लागली आहे, त्याच्याशी नवे नाते जोडण्याचा तो काळ असतो.

ही उतरण मोजता येते. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर दमसास ठरतो. बैठे आयुष्य जगणाऱ्यांत ही क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण 10 टक्क्यांनी घटते. स्नायू झिजतात, दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात, झोप पूर्वीइतकी गाढ राहत नाही. नियमित सरावाने घटीचा वेग बराच कमी होतो, पण घट थांबत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलेला माणूस पहिली काही वर्षे सुधारत जातो, कारण आधीची पातळीच खालची असते. पुढे एक वर्ष असे येते की सराव तोच, मेहनत तीच आणि घड्याळ मात्र मागे पडलेले असते. तोवर केलेले कष्ट व्यायाम होते की आणखी काही, याची परीक्षा त्या वर्षी सुरू होते.

अशा कष्टांवरचा सर्वांत कडक आक्षेप गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडतो. तिथे शारीर तपाची व्याख्या आहे, आणि तिच्यात पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा यांचा समावेश आहे. देहाला पीडा देण्याचा उल्लेखही नाही. उलट शास्त्राबाहेरचे घोर तप करून देहातल्या भूतसमूहाला कृश करणारे लोक आत वसणाऱ्या ईश्वरालाही छळतात, असे त्याच अध्यायात म्हटले आहे. पुढे तपाचे तीन प्रकार येतात. फळाची इच्छा न धरता श्रद्धेने केलेले ते सात्त्विक. मान, सत्कार आणि प्रदर्शनासाठी केलेले ते राजस. ते अस्थिर असते आणि टिकत नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देत किंवा दुसऱ्याचे वाईट करण्यासाठी केलेले ते तामस. ही विभागणी आजच्या धावपटूला आरशासारखी आहे. पदकाचे छायाचित्र काढून झाले की सराव सुटतो, तेव्हा ते कष्ट राजस होते. गुडघा सुजलेला असताना गोळी घेऊन शर्यत पुरी केली जाते, तेव्हा ते तामसाकडे झुकलेले असतात. अंतर आणि वेग दोन्हींत सारखेच असू शकतात.

बौद्ध परंपरेतली सोण कोळिविस या भिक्षूची कथा तर थेट पायांचीच आहे. सुखात वाढलेला सोण भिक्षू झाल्यावर इतक्या निकराने चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करू लागला की त्याचे तळवे फुटून रक्त वाहू लागले. तरीही मन मोकळे होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला त्याच्याच वाद्याची आठवण करून दिली : तार फार ताणली तर स्वर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. सोणाने आपला प्रयत्न बेताचा केला आणि तो अर्हतपदाला पोचला. स्वतः उग्र तप करून, शरीर हाडांवर आणून, मग तो मार्ग सोडलेल्या गुरूचा हा उपदेश आहे. कष्ट सोडा असे बुद्ध म्हणत नाहीत. सूर लागेल इतकेच ताणा, असे म्हणतात.

आयुर्वेदाने हाच बेत शरीराच्या खुणांत सांगितला. सुश्रुताच्या मते व्यायाम अर्ध्या बळाने करावा. धाप लागून श्वास तोंडाशी येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. लांब पल्ल्याच्या सरावाचा बहुतांश भाग बोलता येईल इतक्या वेगाने करावा, हा आजच्या प्रशिक्षकांचा सल्ला त्याला जवळचा आहे. अतिव्यायाम करणाऱ्याची तुलना आयुर्वेदाच्या ग्रंथांत हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाशी केली आहे : बळ खरे आहे, पण नाशही त्याच बळातून येतो. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हे कालिदासाचे वचन अनेक व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. कुमारसंभवात ते कोणत्या प्रसंगी येते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कठोर तप करणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेषातला शंकर विचारतो की, हे तप तू आपल्या शक्तीच्या बेताने करतेस ना? ते वचन त्या प्रश्नाला जोडून येते. शरीर कमावण्याइतकाच शरीर जपण्याचा इशारा त्यात आहे.

याच्या उलट बाजूही परंपरेत आहे आणि ती हलकी नाही. जैन दर्शनात बाह्य तपाच्या सहा प्रकारांत कायक्लेशाला मानाचे स्थान आहे. साठलेल्या कर्माची निर्जरा, म्हणजे ते झडून जाणे, तपाने होते. जपानच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे काही भिक्षू काइहोग्यो नावाचे व्रत घेतात. सात वर्षांत विभागलेले एक हजार दिवस, रोज किमान 30 किलोमीटरच्या आसपास डोंगरवाट तुडवत वाटेवरच्या देवस्थानांना वंदन करायचे. शेवटच्या टप्प्यात काही काळ रोजचे अंतर 84 किलोमीटर होते. मधे नऊ दिवस अन्न, पाणी आणि झोप वर्ज्य. व्रत अर्ध्यावर सोडायचे नाही, म्हणून भिक्षू सुरी आणि दोरी जवळ बाळगतो. साकाई युसाई या भिक्षूने हे व्रत दोनदा पुरे केले, आणि दुसऱ्यांदा ते संपले तेव्हा त्याचे वय साठीचे होते. इतक्या टोकाला जाणाऱ्याला हट्टी म्हणून बाजूला सारता येत नाही.

मात्र या उदाहरणांतली एक अट पाहावी लागते. काइहोग्यो करणारा भिक्षू गुरुपरंपरेच्या अनुमतीने आणि मठाच्या आधाराने चालतो. त्याचे चालणे पंथाच्या उपासनेचा भाग असते. जैन परंपरेनेही महाव्रते साधूला आणि अणुव्रते श्रावकाला अशी स्पष्ट वाटणी केली आहे. जो संसारात आहे त्याचे व्रत लहान, कारण त्याच्या देहावर इतरांचाही हक्क आहे. चाळिशी-पन्नाशीतला हौशी खेळाडू बहुधा गृहस्थ असतो. त्याची मुले शिकत असतात, आईवडील थकलेले असतात. आठवड्याला दहा-पंधरा तासांचा सराव कुणाच्या तरी वाट्यातून येतो. पहाटेचा डबा, रविवारची सकाळ, आजारी माणसाजवळची रात्र यांतले काहीतरी दुसऱ्याने उचललेले असते. घरच्यांना न विचारता केलेले देहतप त्यांच्याही नावावर घेतलेले कर्ज ठरते.

हा धोका केवळ नैतिक नाही. अमेरिकेतल्या 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींच्या एका पाहणीत सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंमागे 59 जणांचे हृदय शर्यतीत बंद पडल्याचे आढळले. त्यांचे सरासरी वय 42 होते आणि बहुतेक पुरुष होते. प्रमाण अतिशय कमी आहे, आणि त्यावरून धावणे वाईट ठरत नाही. मात्र चाळिशीनंतर मोठ्या अंतराला हात घालण्याआधी हृदयाची तपासणी करून घेणे हा भित्रेपणा नाही. स्वाध्यायाची, म्हणजे स्वतःला वाचण्याची, ती पहिली पायरी आहे.

फळाचा प्रश्न याहून खोल आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती 1921 मध्ये सुरू झाली. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास आणि मुदत 12 तास. मुदत भरताच एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बार उडवतो, आणि एका सेकंदाने मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही. त्या माणसाचे नेमके काय हुकले? फळ हुकले, कर्म हुकले नाही. तुडवलेली वाट आणि भर उन्हात राखलेला धीर जागच्या जागी असतात. हे ज्याला मनापासून पटते त्याचे धावणे सात्त्विक तपाच्या जवळ पोचलेले असते. ब्रेव्हेच्या नियमांत हा विचार जणू मुरलेला आहे. तिथे क्रमांक दिला जात नाही. वाटेवरचे कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे, ठरल्या वेळी बंद होतात तसे ठरल्या वेळेआधी उघडतही नाहीत. घाई करणाऱ्यालाही थांबावे लागते.

महाराष्ट्राला या विचाराचे सर्वांत जुने आणि जिवंत रूप आषाढी वारीत पाहायला मिळते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर पालखीबरोबर चालणाऱ्यांत प्रौढ आणि वृद्ध माणसे मोठ्या संख्येने असतात. दिवेघाटाची चढण त्यांनाही दम काढायला लावते. पण दिंडीत पुढे जाण्याने काही मिळत नाही. सगळ्यांनी एकत्र पोचायचे असते. नेमाने वारी करणारा गेल्या वर्षीच्या वेळेशी यंदाची वेळ ताडून पाहत नाही, आणि थकलेल्याला सोबतचा माणूस माउली म्हणूनच हाक मारतो. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात शारीर तप समजावताना पायांना देवाच्या यात्रेच्या कामाला लावण्याची गोष्ट येते. तिथे पाय आणि अंतर दोन्ही आहेत, पण दोन्ही कुणाला तरी वाहिलेले आहेत. पतंजलींच्या तिसऱ्या अंगाचा, सोपवण्याचा, अर्थ वारीत चालताना कळतो.

निरीश्वर माणसालाही हे सोपवणे शक्य आहे. शरीर निसर्गाने वापरायला दिले आहे आणि ते परत करायचे आहे, एवढे मानले तरी पुरते. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन चाळिशीच्या मध्यावर पुन्हा धावू लागले. पन्नाशीत त्यांनी मैलाचे अंतर पाच मिनिटांच्या आत धावून दाखवले, आणि धावण्याला स्वतःच्या शोधाचे साधन मानून त्यावर आयुष्यभर लिहिले. पुढे कर्करोगाने त्यांचा वेग हिरावला, तेव्हा त्या आजाराबद्दलही ते तितक्याच उघडपणे लिहीत राहिले. घड्याळाने साथ सोडल्यावरही ज्याचा शोध चालू राहतो, त्याच्यासाठी घड्याळ हे साध्य कधीच नव्हते.

म्हणून तप आणि हट्ट यांतला फरक धावताना दिसत नाही, थांबताना दिसतो. छातीत वेगळे काही जाणवले आणि पस्तिसाव्या किलोमीटरला पाय रस्त्याच्या कडेला घेतले. घरात आजारपण आले आणि वर्षभराची तयारी बाजूला ठेवली. वेग गेला आणि धावण्याच्या जागी चालणे आले. हे करताना ज्याच्या मनात कडवटपणा उरत नाही, त्याचे सारे किलोमीटर तपात जमा होतात. ज्याला थांबता येत नाही त्याने अंतर कितीही कापले तरी तो शरीराचा मालकच राहू पाहतो, आणि ती मालकी वय काढून घेणारच असते. उतरणीवरच्या वर्षांत लांब पल्ल्याचा सराव एवढे शिकवू शकला, तर वानप्रस्थाने जे साधायचे ते गृहस्थाला घरात राहून, सकाळच्या रस्त्यावर साधता येते.